बाईंना ऐकू आलेली परिषद

आमच्या बाईंना ऐकायला कमी येतं, हे मिरकरवाड्यापासून मारुती मंदिरापर्यंत अख्ख्या रत्नागिरीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या बाईंना. आणि त्यात मजा अशी की गावातल्या निम्म्या लोकांचे कान बाईंनीच तपासलेले होते.

बाई डॉक्टर. पण सर्दी-खोकल्याच्या नव्हेत. कामामुळे माणसाला जे जे होतं, त्याच्या डॉक्टर. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. मी एमबीबीएस होऊन घरी बसले होते, पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत. सहा महिने हात चालता राहावा म्हणून त्यांच्याकडे गेले आणि चार वर्षं राहिले.

त्यांच्या केसपेपरवर पहिली ओळ नावाची नसायची, कामाची असायची. माणूस दारातून आत आला की बाई विचारायच्या, "काम काय करता? उभ्याने की बसून?" मग नाव, मग वय, आणि सगळ्यात शेवटी काय दुखतंय ते. एकदा एक जण छातीत कळ येते म्हणून घाईघाईने आला, तर बाईंनी नाडीवर बोट ठेवून आधी त्याला तो ट्रक चालवतो की रिक्षा, हे विचारलं. तो म्हणाला, बाई, मी बँकेत आहे. बाईंची निराशा झालेली स्पष्ट दिसली. तरी त्यांनी त्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाचला. पुढे दर दिवाळीला तो पेढे घेऊन यायचा, तेव्हा बाई मला म्हणायच्या, "हा तो बँकवाला. बिचाऱ्याला काहीच होत नाही."

"माणूस काय खातो ते त्याची आई विचारते. काय करतो ते डॉक्टरने विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मासळी विकणाऱ्या बायका मान धरून यायच्या, त्यांच्याकडे बघून त्या मला म्हणायच्या, "दुखणं मानेत, कारण पाटीत." पाटी म्हणजे त्यांच्या डोक्यावरची मासळीची. मग त्या पाटीखालची चुंबळ सोडून बघायच्या आणि पुन्हा कशी वळायची ते स्वतः डोक्यावर ठेवून दाखवायच्या. दवाखान्यात बाहेर गर्दी आणि आत डॉक्टरीणबाई डोक्यावर चुंबळ घेऊन आरशासमोर उभ्या, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी मला दवाखान्यात बसूच दिलं नाही. कोळंबी सोलायच्या शेडवर नेलं, बायकांच्या रांगेत बसवलं आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत बर्फाच्या पाण्यात हात घालून मी कोळंबी सोलत होते. बोटं पांढरी पडून सुरकुतली, नखांच्या कडा चिरल्या. बाई न्यायला आल्या, माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि फार प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, "आता कुणाला मलम लिहून दिलंस तर ते पाण्यात विरघळणार नाही ना, एवढं तरी बघशील." त्या रात्री मला भाताचा घास उचलता येईना. आई म्हणाली, उद्यापासून जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर.

घरी बागेत फिरताना बाई डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालायच्या. साडी सुती, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर ते हेल्मेट. नारळाला डॉक्टर कोण आणि गडी कोण ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. फुलं वेचायलाही हेल्मेट घालून जायच्या. शेजारच्या घरात नवी सून आली, तिने पहाटे उठून हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि खिडकी लावून घेतली.

पण बाईंचा खरा जीव होता परिषदांवर. आमच्या विषयाच्या डॉक्टरांची एक संघटना आहे. वर्षातून एकदा तिची मोठी परिषद भरते, मधून मधून छोटी प्रशिक्षणं होतात. दुसऱ्या दवाखान्यांबाहेर वेळा लिहिलेल्या असतात, आमच्या दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर येऊ घातलेल्या परिषदा लिहिलेल्या असायच्या. 'पुढील परिषद: धूळ आणि फुप्फुस. त्यानंतर: उष्णता व कामगार. इच्छुकांनी आत विचारावे.' इच्छुक म्हणजे कोण, ते बाईंनाच ठाऊक. पण बाकावर बसलेल्या बायका तो फळा एखाद्या जत्रेच्या जाहिरातीसारखा वाचायच्या. त्यातली पारूमावशी बंदरावर मासळी विकायची. तिला अक्षर ओळखता यायचं नाही, ती शेजारणीकडून वाचून घ्यायची आणि मग बाईंना विचारायची, "बाय, औंदाची परिषद कुटं गो?" बाई भुवनेश्वर म्हणाल्या की तिचा पुढचा प्रश्न, "तकडं मासळी गावते काय?" आणि बाई परत आल्या की सगळ्या जणी बाकावर सरसावून बसायच्या, कारण परिषदेचा संपूर्ण वृत्तान्त त्यांना ऐकायचा असायचा. धुळीने फुप्फुसाचं काय होतं यावर मिरकरवाड्यातल्या बायकांइतकी चर्चा कुठल्या कॉलेजातही झाली नसेल.

परिषदेला गेल्यावर बाई सभागृहात बसतीलच असं नाही. एका शहरात मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुपारी त्यांचा पेपर होता आणि बाईंचा पत्ता नाही. स्वागतकक्षात विचारलं, जेवणघरात पाहिलं, शेवटी एका वेटरने सांगितलं की तुमच्या आजी तळघरात आहेत. तळघरात हॉटेलची धुलाई चालते. तिथे बाई वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या राहून तापमान मोजत होत्या आणि इस्त्रीवाला त्यांना घामोळं दाखवत होता. मी म्हटलं, बाई, वर तुमचं नाव पुकारलंय. त्या तशाच, घामाने भिजलेल्या साडीने व्यासपीठावर गेल्या आणि तयार केलेला पेपर बाजूला ठेवून त्या इस्त्रीवाल्यावरच बोलल्या. टाळ्या पडल्या. हॉटेलच्या व्यवस्थापकाने मात्र नाही वाजवल्या.

आंजर्ल्याला एका प्रशिक्षणावरून येताना आम्ही कड्यावरच्या गणपतीला थांबलो होतो. रांग बरीच होती. बाईंचा नंबर आला, त्यांनी नमस्कार केला, आणि गुरुजींनी तीर्थ द्यायला वाकल्यावर कमरेला हात लावलेला त्यांच्या नजरेतून सुटला नाही. "दिवसातून असे किती वेळा वाकता?" गुरुजींनी आधी हसण्यावारी नेलं, पण दुखत असावं फार. दोन मिनिटांत ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले होते आणि गुडघ्यात कसं वाकायचं ते बाई दाखवत होत्या. मागची रांग आधी कुरकुरली, मग पुढे सरकून तीही शिकू लागली. आम्ही निघालो तेव्हा सगळे भाविक एका वेळी गुडघ्यात वाकून सरळ होत होते.

आता कानाचं सांगते.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाची एक गंमत असते. त्याला आवाज येतो, शब्द अर्धेच येतात, आणि उरलेले तो आपल्या स्वभावाप्रमाणे भरतो. भांडकुदळ माणूस शिव्या ऐकतो. आमच्या बाई नेहमी चांगलंच ऐकायच्या. घरमालक म्हणाला, "भाडं वाढवतोय," तर बाई म्हणाल्या, "वा, झाडं वाढवताय, फार छान." त्याला पुन्हा सांगायचा धीर झाला नाही. भाडं तेवढंच राहिलं.

त्यांना सांगायचं कुणी, हा आमचा नेहमीचा विषय होता. मी एकदा हिय्या करून म्हटलं, "बाई, एकदा तुमचे कान तपासायचे का?" त्या म्हणाल्या, "हो तर, पाठव आत. किती जण आहेत?" पारूमावशीने मला खूण केली, राहू दे. ती म्हणायची, बाईला कळलं तर हा दवाखाना बंद करून घरी बसेल, मग आमी कुनाकडं जायचा? मलाही तीच भीती होती.

बाईंची एक इच्छा वर्षानुवर्षांची होती. परिषद रत्नागिरीला भरावी, आणि इथे दर वर्षी छोट्या गावांतल्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षण सुरू व्हावं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरला यंत्रं मिळतात, पुस्तकं मिळतात. बर्फात हात घालणारी, आंब्यावर फवारणी करणारी माणसं इथे आहेत, तर शिकायला इथेच यायला हवं, असं त्या दर वर्षी अध्यक्षांना कळवायच्या. दर वर्षी उत्तर यायचं की विचार करू.

त्या वर्षी अध्यक्षांचा फोनच आला. हे अध्यक्षसाहेब मुंबईचे, सडपातळ, अतिशय सभ्य आणि अतिशय हळू बोलणारे. बाईंचा मोबाइल नेहमी पूर्ण आवाजावर, त्यामुळे आलेला प्रत्येक फोन बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचा. सगळा दवाखाना कान टवकारून बसला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आम्ही बराच विचार केला. रत्नागिरी अवघड आहे."

बाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. ज्यांनी बघितली त्या सगळ्यांनाच रत्नागिरी आवडली आहे."

तिकडून पुन्हा, "नाही, बाई, अवघड. अवघड आहे."

"हो हो, आवडणारच. मी लागते तयारीला." आणि फोन ठेवून दिला.

बाई खुर्चीवरून उठल्या, खडू घेऊन बाहेर गेल्या आणि फळ्यावरच्या सगळ्या परिषदा पुसून तिथे एकच लिहिली: 'पुढील परिषद: रत्नागिरी.' खाली दोन रेघा मारल्या. मी उठायला लागले तशी पारूमावशीने माझा हात धरला. "बसून ऱ्हा गप," ती माझ्या कानाशी म्हणाली. "होऊंदे काय व्हायची ती."

तासाभरात बाईंनी संघटनेच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बातमी टाकली, अध्यक्षांचे जाहीर आभार मानून. देशभरातून अभिनंदनं आली. संध्याकाळी अध्यक्षांचा मला फोन. त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या बाई हे मुद्दाम करतात का?" मी म्हटलं, नाही हो, मुळीच नाही. तेव्हा ते म्हणाले, "आता नाही म्हणणं मला जमणार नाही. पण एक दिवसाची छोटी परिषद होईल, आणि ती नीट झाली नाही तर रत्नागिरीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

बाईंनी सगळी कामं वाटून दिली, सभागृहाचं मात्र स्वतःकडे ठेवलं. एका मंगल कार्यालयात फोन लावला. तिथला व्यवस्थापक म्हणाला, त्या दिवशी हॉल बुक आहे. बाई म्हणाल्या, बरोबर, बुकच करायचाय. तो म्हणाला, अहो बुक आहे. बाई म्हणाल्या, झालासुद्धा? फारच तत्पर आहात. आणि आम्हाला येऊन सांगितलं की हॉलचं काम दोन मिनिटांत झालं. त्या दिवशी मी दवाखान्यात नव्हते, त्यामुळे हा संवाद मला पुढे त्या व्यवस्थापकाकडूनच कळला.

परिषदेच्या सकाळी मी खोके भरलेली रिक्षा घेऊन कार्यालयापाशी पोचले, तर दारात केळीचे खांब, सनईची रेकॉर्ड आणि लाल कोटातला बँड. मला वाटलं बाईंनी स्वागताचा थाट केलाय. मग मी फाटकावरची थर्माकोलची अक्षरं वाचली. कुणाचं तरी कुणाशी लग्न होतं.

मी काही करायच्या आत स्टेशनवरून डॉक्टरांच्या दोन बस आल्या. बँडमास्तरने काठी उंचावली आणि वाजवायला सुरुवात झाली. मुलीकडच्या मंडळींना वाटलं वऱ्हाड आलं. प्रत्येक डॉक्टरला गुलाब, अत्तर आणि पेढा. अध्यक्षसाहेब सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत नीटनेटके दिसत होते, म्हणून त्यांना चौघांनी धरून खुर्चीवर बसवलं आणि फेटा बांधला. ते नको म्हणत होते, पण इतक्या हळू की कुणाला पत्ताच लागला नाही.

दहा मिनिटांनी खरं वऱ्हाड आलं. तोवर गुलाब संपले होते.

मुलीचे वडील आंब्याचे बागायतदार, अंगाने आडवे, घामाने डबडबलेले, धावत आले. त्यांनी फेट्यातल्या अध्यक्षांकडे पाहिलं, मग खऱ्या व्याह्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मला तर रडूच फुटायच्या बेतात होतं. एवढ्यात बाई आल्या, हातात फाइल, पायात बूट. बागायतदार म्हणाले, "बाई, आज माझ्या मुलीचं लग्न आहे इथे." हे मात्र बाईंना स्वच्छ ऐकू गेलं. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, मग त्यांना जरा जवळून न्याहाळलं आणि विचारलं की खोकला किती दिवसांचा आहे. बागेत फवारणी कोण करतं? तुम्ही स्वतः उभे असता? तोंडाला काय बांधता? टॉवेल? टॉवेल नाही चालायचा, मास्क हवा.

लग्नाच्या गडबडीत त्या माणसाला दोन दिवस कुणी पाणीसुद्धा विचारलं नसावं. तो एकदम मऊ झाला. म्हणाला, वरचा जेवणाचा हॉल दुपारपर्यंत मोकळा आहे, तिथे घ्या काय ते तुमचं. जेवायलाही थांबा सगळे, आचाऱ्याला सांगतो. "पण बाई, बँड थांबायचा नाही हां."

बाईंचं डोकं अजून मास्कमध्येच होतं. "ब्रँड कुठलाही चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे."

अशी आमची परिषद जेवणाच्या हॉलमध्ये, लांब टेबलांवर सुरू झाली. खालून वडे तळल्याचा वास येत होता. बर्फात काम करणाऱ्यांच्या हातांवर पहिलं सत्र झालं, ते उत्तम झालं. फवारणीच्या सत्राला बागायतदार स्वतः येऊन मागे उभे राहिले आणि बायकोने बोलावणं पाठवलं तरी हलले नाहीत. मला वाटायला लागलं, निभावणार.

तिसरं सत्र अध्यक्षांचं. विषय: कारखान्यातला आवाज आणि कान. ते उभे राहिले, फेटा तसाच डोक्यावर, कारण गाठ कुणाला सुटेना. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि त्याच क्षणी खाली नवरदेवाला मिरवत आणायला निघाले. बँड, वर ताशा. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. अध्यक्षांचे नुसते ओठ हलताना दिसत होते, मग तेही थांबले.

पहिल्या रांगेत बाई शांतपणे, मान हलवत, वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. अध्यक्ष थांबले तसं त्यांनी मागे वळून पाहिलं. पन्नासेक डॉक्टर कानांवर हात धरून बसलेले. बाईंना वाटलं हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे. त्यांनीही हसून आपले हात कानांवर ठेवले.

मी अध्यक्षांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. इतके दिवस त्या माणसाच्या मनात राग असणार की ह्या बाईने आपल्याला फसवलं. तो राग जाताना मला दिसला.

बँडवाले चहाला थांबल्यावर अध्यक्षांनी जाहीर केलं की भाषण पुरे, आता प्रत्यक्ष कान तपासून दाखवू. त्याला शांत खोली लागते. कार्यालयात शांत खोली एकच, नवरीची, कारण तिला एसी होता आणि जाड पडदे. मी दार वाजवलं. नवरी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, मुहूर्ताची वाट बघत कंटाळून बसली होती. तिला आनंदच झाला. सात-आठ शिकाऊ डॉक्टर आत शिरले, दारात मावश्या-आत्यांची भिंत उभी राहिली, आणि यंत्र नवरीच्या पेट्यांवर मांडलं गेलं.

पहिले कान नवरीचेच घेतले. हेडफोन मुंडावळ्यांवरून जरा सांभाळून बसवले. बारीक टिक आली की बटण दाबायचं. तिने प्रत्येक टिक पकडली, मेंदीभरल्या अंगठ्याने. कागदावर सरळ रेघ उमटली. बाई सगळ्यांना म्हणाल्या, कान असा असावा.

अध्यक्ष म्हणाले, तुलनेला दुसरे कान हवेत. आणि बाईंच्या अगदी समोर येऊन, त्यांना ओठ दिसतील असे, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही बसता?"

बाई सहज बसल्या. साडीचा पदर खोचला, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं आणि शिकाऊ मुलीला मानेने खूण केली. तिने आवाज सोडला. बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. तिने वाढवला. बाई वाट बघत होत्या. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, वाढव. खोलीत इतकी शांतता की हेडफोनमधून बाहेर झिरपणारी टिक टिक सगळ्यांना ऐकू यायला लागली.

"मला इथे ऐकू येतंय," नवरी हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे बाईंचा अंगठा हलला.

तपासणी संपली. बाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला. असे कागद त्यांनी आयुष्यभर वाचलेले. उजवीकडे रेघ खाली घसरत जाऊन एका जागी खोल खड्डा. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानाची ती सही असते. बाईंनी कागद उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

नवरी त्यांच्या जवळ सरकून बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजी, तुम्ही आधी कुठे होतात कामाला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मुंबईत. गिरणीत," त्या सावकाश म्हणाल्या. "दवाखाना होता साचेखात्याला लागून. मधे एक लाकडाची फळी. तिकडे माग धडधडायचे आणि इकडे मी लोकांचे कान तपासायची. बारा वर्षं." मग म्हणाल्या, "त्यांना कापूस देत होते मी कानात घालायला."

"आणि तुम्ही?" नवरीने विचारलं.

"मी डॉक्टर ना."

आणि मग त्यांना हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग त्या खदखदून हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रडतायत की हसतायत ते आधी कळेना. नवरीचा हात धरून त्या म्हणाल्या, "मला कामाचा आजार झालाय गो. अस्सल झालाय. पुस्तकात छापण्यासारखा." त्यांनी तो कागद शिकाऊ डॉक्टरांना एकेकाला हातात देऊन दाखवला, खड्ड्यावर बोट ठेवून, एखाद्या आजीने नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. मला म्हणाल्या, केसपेपर काढ. काम: गिरणीत डॉक्टर. बसून.

मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी अध्यक्षांकडे वळून विचारलं, "त्या दिवशी फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?"

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. अध्यक्षसाहेब त्यांच्यासमोर खाली बसले, गालिच्यावर, फेट्यासकट. म्हणाले, "तेव्हा अवघड आहे म्हणालो होतो. आता आवडली आहे म्हणतो. दर वर्षीचं प्रशिक्षण इथेच घेऊ."

हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की दारातल्या एका आत्याने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बाहेरून भटजींचा आवाज आला, मुलीला आणा. नवरी हेडफोन बाजूला सारून उठली, आणि तिच्यामागून आमची सगळी परिषद अक्षता टाकायला खाली उतरली. बाई सगळ्यांत पुढे. अक्षता त्या नवरदेवाच्या डोक्यावर नेम धरून मारत होत्या.

दवाखाना बंद झाला नाही. महिन्याभरात बाईंना श्रवणयंत्र आलं आणि आमची पंचाईत झाली. आम्हा सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. पारूमावशी आल्या आल्या नेहमीसारखी गरजली, तर बाई खुर्चीत दचकल्या. म्हणाल्या, हळू बोल गो, मला काय बहिरी समजतेस? घरमालक भेटायला आला, त्याने या खेपेला भाडं हा शब्द अगदी नीट, सुटा उच्चारला. बाईंनी मुकाट्याने वाढवून दिलं, आणि दिवसभर यंत्राला नावं ठेवली.

पुढच्या रविवारी मला म्हणाल्या, चल, आरे-वाऱ्याला जाऊ. समुद्र ऐकून फार वर्षं झाली. मी स्कूटर काढली. डोंगराच्या वळणावरून खाली उतरलो, वाळूत गेलो. बाई पाण्याच्या कडेशी उभ्या राहिल्या, डोळे मिटून. वारा पिसाटासारखा सुटला होता. मी मुद्दाम लांब थांबले, म्हटलं त्यांचा त्यांना वेळ मिळू दे.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. चेहरा वैतागलेला. "खरखर येतेय नुसती," त्या म्हणाल्या. "समुद्र बिघडल्यासारखा वाटतोय." त्यांनी यंत्र कानातून काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते कानाशी धरून पाहिलं. वाऱ्याचं घरघरणं सोडून त्यात काहीच नव्हतं.

बाई विचारात पडल्या. हे यंत्र ज्याने बनवलं तो कधी किनाऱ्यावर आलेला दिसत नाही, त्या म्हणाल्या. मग होडीवरच्या माणसाने काय करायचं? त्याच्या कानाशी जन्मभर इंजिन, आणि वर हा वारा. त्याला काय ऐकू येत असेल? यावर कुणी काही लिहिलंय? बघायला हवं. पुढची परिषद कुठे आहे म्हणालीस?

जरा पुढे एक म्हातारा होडीचं इंजिन खोलून बसला होता. बाईंनी तिथूनच दोन्ही हात तोंडाशी धरून त्याला हाक मारली, "ओ दादा, नीट ऐकू येतं का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने पाना खाली ठेवला, कानामागे हात धरला आणि ओरडून विचारलं, "काय?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांना कुणी बक्षीस दिलंय. मग बूट काढून हातात घेतले आणि वाळूतून त्याच्याकडे धावतच सुटल्या.